जुनी ८ जीबी + नवी ८ जीबी = निळी स्क्रीन? मिसळलेल्या रॅमचा घोळ कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. ८ जीबीच्या पीसीत आणखी ८ जीबी टाकली, पहिले काही दिवस सगळं मस्त चाललं. मग क्रोम मधेच बंद पडायला लागला, पेन ड्राइव्हवरून आणलेली झिप फाइल ‘करप्ट’ निघाली, आणि अधूनमधून निळी स्क्रीन. तीही दरवेळी वेगळी: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. ड्रायव्हर बिघडला असेल तर साधारण तीच तीच एरर येते. एरर रोज चेहरा बदलत असेल तर संशय आधी रॅमवर घ्यायचा.

दुसऱ्या प्रकारात पंखे फिरतात, लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही. दोन-तीनदा बंद-चालू केलं की येतो. तिसऱ्या प्रकारात पीसी व्यवस्थित चालतो, फक्त १६ जीबीऐवजी ८ जीबीच दाखवतो.

यानंतर नाशिकमध्ये काय होतं तेही ठरलेलं. आधी विंडोज फॉरमॅट मारतात. फरक पडत नाही. मग एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलतात. मग कुणीतरी निकाल देतं, “भाऊ, दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र लावल्या, मग हे होणारच.” आणि धडधाकट रॅम परत जाते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढले, त्यानंतर जुनी रॅम काढून ठेवून दोन नव्या घ्या असं सांगणं सोपं राहिलेलं नाही, त्यामुळे मिसळलेले पीसी आता जास्तच दिसतात.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनी वेगळी असणं हे कारण फार क्वचित असतं. एकाच पिढीच्या (म्हणजे दोन्ही डीडीआर३, दोन्ही डीडीआर४ किंवा दोन्ही डीडीआर५), साध्या डेस्कटॉपच्या दोन रॅम आपल्या ठरलेल्या स्टँडर्ड वेगावर चालवल्या तर त्या बहुधा गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण लागतं ते एकीचा वेग दुसरीवर लादला की.

पहिलं काम: एक्सएमपी बंद करा

पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. तिथे एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो यांपैकी एक नाव दिसेल. रॅमला स्टँडर्डपेक्षा जास्त, लेबलवर छापलेल्या वेगाने पळवणारं हे सेटिंग. एक्सएमपी हे इंटेलचं, एक्स्पो हे डीडीआर५ साठी एएमडीचं, आणि डीओसीपी हे काही एएमडी बोर्डांवर दिसणारं नाव. जे काही असेल ते ‘डिसेबल्ड’ किंवा ‘ऑटो’ करा, सेव्ह करा आणि चार-आठ दिवस नेहमीचं काम करून बघा. त्रास गेला तर रॅम परत करायची गरज नाही. मिसळलेल्या रॅमच्या ज्या तक्रारी ‘चालतंय, पण मधेच पडतंय’ अशा असतात, त्यांतल्या बऱ्याच इथेच संपतात.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते: क्षमता किती, वेग किती, कोणत्या वेगावर किती वेळ द्यावा लागतो. बोर्ड सुरू होताना सगळ्या रॅमच्या कुंडल्या वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवतो. ढोलपथकात सगळ्यात नवख्याला जमेल त्या लयीवर पथक वाजतं, तसंच. २४०० ची आणि ३२०० ची रॅम एकत्र लावली की दोन्ही २४०० वर चालतात. इथपर्यंत काहीच बिघडत नाही.

आता सीएल हा आकडा घ्या. मागणी केल्यावर माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते, तो हा आकडा. तो एकटा बघून उपयोग नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंदातला खरा वेळ मिळतो. २४०० ची सीएल १७ रॅम: १४.१७ नॅनोसेकंद. २६६६ ची सीएल १९: १४.२५. ३२०० ची सीएल २२: १३.७५. बघा, स्टँडर्ड वेगाच्या रॅमना लागणारा वेळ जवळपास सारखाच आहे. म्हणूनच त्या एकमेकींशी जुळतात.

पण ‘३२०० सीएल १६’ असा छाप असलेली रॅम १० नॅनोसेकंदांचा वायदा करते, आणि तो ती एक्सएमपी चालू असताना पाळते. त्यासाठी ती १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट मागते. बहुतेक बोर्ड एकाच रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल उचलून सगळ्यांना लावतात. म्हणजे ज्या जुन्या रॅमला १४ नॅनोसेकंद लागतात, तिला आपण १० मध्ये उत्तर दे म्हणतो, तेही तिने कधी न पाहिलेल्या वेगावर. ती बऱ्याचदा देतेही! गंमत तीच आहे. साफ नकार दिला असता तर पीसी सुरूच झाला नसता आणि दोष लगेच सापडला असता. ती हजारात नऊशे नव्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते आणि एकदा चुकते. ती चूक क्रोमच्या वाट्याला आली तर टॅब पडतो, विंडोजच्या मुळाशी आली तर निळी स्क्रीन, आणि टॅलीच्या डेटा फाइलच्या वाट्याला आली तर मार्चअखेरीला रडायची वेळ.

अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधला पीसी अगदी या प्रकारचा होता. बी४५० बोर्ड, रायझन ५, जुनी २४०० ची ८ जीबी आणि नवी ३२०० सीएल १६ ची ८ जीबी. ऑटोकॅडमध्ये मोठं ड्रॉइंग उघडलं की पडायचा. लावणाऱ्याने ‘नवी रॅम पूर्ण वेगाने पळावी’ म्हणून आवर्जून एक्सएमपी चालू करून दिलं होतं. हेतू चांगला होता. एक्सएमपी बंद केलं, दोन्ही २४०० वर आल्या आणि ड्रॉइंग उघडायला लागलं. ३२०० चे पैसे देऊन २४०० वर चालवायचं हे मालकांना पटेना. त्यांना एवढंच सांगितलं की तुमच्या कामाला ३२०० ची ८ जीबी कमीच पडली असती, २४०० ची १६ जीबी पुरतेय. जिथे मेमरी संपून हार्ड डिस्कवर ढकलाढकल सुरू होते, तिथे वेगाच्या या फरकाला काही अर्थ उरत नाही.

एक्सएमपी बंद करूनही पडतोय

आता टेस्ट. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक असतं, पण त्यावर फार विसंबू नका. त्याने ‘काही दोष नाही’ म्हटलेल्या रॅम मी नापास होताना पाहिल्या आहेत. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर टाका आणि पीसी त्यावरून सुरू करा. दोन्ही फुकट मिळतात. पेन ड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून पीसी सुरू होऊ न देणारं सेटिंग) तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर रॅम शोधता शोधता डेटाच कुलूपबंद व्हायचा.

१६ जीबीची तपासणी दहा मिनिटांत उरकत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना लावा, सकाळी बघा. यूपीएसवर असेल तर बरं, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. निकालात एकही एरर आली तरी ती नापास. ‘एकच तर आहे’ असं रॅमच्या बाबतीत चालत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी दोन्ही रॅम लावून टेस्ट. एरर आली तर एक काढा आणि दुसरी एकटी तपासा. मग पहिली, त्याच स्लॉटमध्ये. स्लॉट तोच ठेवायचा, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तर निष्कर्ष निघतो. एक रॅम कुठल्याही स्लॉटमध्ये नापास होत असेल तर दोष तिचाच, मग ती नवी असो वा जुनी. नवीच खराब असणार असं धरून चालू नका. कित्येकदा जुनी रॅम आधीपासून आजारी असते, पण मेमरीचा तो कोपरा पूर्वी फारसा वापरात येत नसतो.

कुठलीही रॅम ठरावीक स्लॉटमध्येच नापास होत असेल तर रॅमला सोडा. बोर्ड आणि प्रोसेसर बघा. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात. त्यांतली एखादी वाकली तर अख्खा मेमरी चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला एक रस्ता, गायब होतो. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी असं होतं. कूलरचे स्क्रू सैल करून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत बसवल्यावर हरवलेली ८ जीबी परत आलेली मी पाहिली आहे. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही.

आणि दोन्ही रॅम एकेकट्या पास, स्लॉटही ठीक, पण स्टँडर्ड वेगावर एकत्र लावल्या की नापास? मगच म्हणायचं की या दोघींचं जमत नाही. असं झालं तर बायोसची नवी आवृत्ती टाकून बघा (रायझनच्या सुरुवातीच्या बोर्डांवर याने बराच फरक पडायचा). नाही जमलं तर वेग हाताने एक पायरी खाली घ्या: २६६६ वरून २४००. तरीही नाही, तर खरंच एक बदला.

खोडरबर

डिस्प्ले येत नसला की रॅम काढून खोडरबराने घासायची हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय, आणि तो बऱ्याचदा लागू पडतो. सोनेरी पट्टीवर धूळ, चिकटपणा, दमट हवेचा थर बसतो. इगतपुरी-घोटीकडून पावसाळ्यानंतर येणाऱ्या पीसीत हे जास्त दिसतं. पण मऊ पांढरा खोडरबर घ्या. पेनाची शाई खोडणारा खरखरीत निळा भाग वापरू नका, त्याने सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो. घासल्यावर चुरा ब्रशने पूर्ण झाडा, नाहीतर तोच स्लॉटमध्ये जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड असेल तर ते केव्हाही चांगलं. पॉवरची वायर काढलेली हवी, आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून काम करताना तर नक्कीच.

रॅम दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते. तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून बसल्यासारखं दिसतं.

मुळात जुळणारच नाहीत अशा रॅम

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची बसतच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना आहेत म्हणून जोर लावू नका. घोळ त्याच पिढीतल्या, स्लॉटमध्ये आरामात बसणाऱ्या पण न चालणाऱ्या रॅमचा होतो.

ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत अजून एच६१ बोर्डाचे पीसी आहेत, इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे. त्यांच्यासाठी स्वस्त ८ जीबी डीडीआर३ शोधताना दोन सापळे लागतात. एक, ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी रॅम. तिच्या चिपांची मांडणी वेगळी असते आणि इंटेलचा मेमरी कंट्रोलर ती ओळखत नाही. दिसायला ती चांगल्या रॅमसारखीच, १६ चिपांची, त्यामुळे चिपा मोजून फसगत टळत नाही. लेबल आणि विकणाऱ्याचा शब्द एवढंच हातात. दुसरा, ८ चिपांची ८ जीबी डीडीआर३. तिची प्रत्येक चिप या जुन्या प्रोसेसरांना पेलते त्याहून दुप्पट क्षमतेची असते. दोन्ही बाबतींत परिणाम एकच: डिस्प्ले येत नाही, आणि खोडरबर झिजतो.

लीजमधून निघालेले जुने वर्कस्टेशन आर्किटेक्ट आणि कॅडवाले आवडीने घेतात. तिथे लेबल नीट वाचा. ‘पीसी४-२४००टी’ नंतरच्या गटातलं पहिलं अक्षर ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, ‘यू’ असेल तर साधी डेस्कटॉपची. या दोन एकत्र चालत नाहीत. आणि सर्व्हरची रॅम स्वस्त मिळाली म्हणून घरच्या साध्या पीसीत लावली तर तो सुरूच होणार नाही.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचं थोडं वेगळं आहे. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर, पण दुसरीला १.५ ही चालतात. जुन्या १.५ व्होल्टच्या बोर्डात दोन्ही मिसळल्या तर सहसा प्रश्न येत नाही. उलट, ज्या बोर्डाला १.३५ चीच हवी, तिथे साधी डीडीआर३ घुसवू नका.

जे बिघाड नाहीतच

“३२०० ची घेतली, सीपीयू-झेड १६०० दाखवतंय, फसवलं.” नाही फसवलं. डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा माहिती जाते. सीपीयू-झेड हे पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर ठोके दाखवतं. दुप्पट करा. तसंच कोअर आय५-१०४०० चा अधिकृत वेग २६६६ आहे, त्यामुळे एच४१० बोर्डावर ३२०० ची रॅम २६६६ वरच पळणार.

१६ पैकी ८ जीबीच दिसत असेल तर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ पुढचा आकडा बघा. तो काही जीबींत असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’ वर टिक आहे का पाहा. ‘स्पीड वाढवा’ छापाचे व्हिडिओ बघून कुणीतरी ती केलेली असते. काढा. विंडोज ३२ बिटचं असेल तर साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच्या वर काही दिसणारच नाही.

आणि एक फसवं लक्षण: रीस्टार्ट केला की ठीक, पण रात्री शटडाउन करून सकाळी चालू केला की गडबड. विंडोजचं फास्ट स्टार्टअप शटडाउन करताना आपली आधीची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही. रॅम बदलण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे पूर्ण बंद होतो.

स्लॉट, आणि चार रॅमचं प्रकरण

चार स्लॉट असतील तर दोन रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी शेजारी लावल्या की बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलमध्ये जातात आणि येण्याजाण्याचा रस्ता निम्मा होतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या पीसीत हा फरक डोळ्यांना दिसतो. ४ आणि ८ जीबी मिसळल्या तर इंटेलच्या बोर्डांवर ४ + ४ दुहेरी रस्त्याने आणि उरलेली ४ एकेरी रस्त्याने चालते. आदर्श नाही, पण वाईटही नाही.

चार स्लॉट भरले की मात्र प्रोसेसरवर खरा ताण येतो, आणि रॅम जुळ्या असल्या तरी येतो. पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम डिझाइन करणारा रायझन ७ ३७००एक्स होता. दोन ८ जीबी आधीच्या, दोन १६ जीबी नव्या, चारही ३२०० च्या. दोन-दोन लावल्या की उत्तम, चार लावल्या की फोटोशॉप पडायचं. एएमडीने या पिढीसाठी दिलेला अधिकृत वेग दोन रॅमना ३२०० आहे; चार सिंगल रँकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६६. रँक म्हणजे रॅमवरच्या चिपांचा एकत्र काम करणारा गट; लेबलवर ‘१आर×८’ म्हणजे सिंगल, ‘२आर×८’ म्हणजे ड्युअल. तिथे वेग हाताने २६६६ केला आणि ४८ जीबी शांत झाली.

डीडीआर५ मध्ये हा उतार आणखी मोठा आहे. रायझन ७००० मध्ये दोन रॅमना ५२००, चारांना ३६००. म्हणून डीडीआर५ घेताना पुढे कधीतरी आणखी दोन टाकू असा बेत करू नका. दोनच, पण मोठ्या घ्या. शिवाय या बोर्डांवर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. बोर्ड त्या वेळी रॅमशी ताळमेळ बसवत असतो. घाबरून बटण दाबलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि ‘बोर्ड डेड’ म्हणून पीसी रिक्षात बसतो.

खरेदीला जाताना

जुन्या रॅमच्या लेबलचा स्पष्ट फोटो घेऊन जा. ‘सेम कंपनी, सेम मॉडेल’ यावर अडून बसू नका. कंपन्या त्याच मॉडेलमध्ये आतल्या चिपा बदलत राहतात. कॉर्सेअरच्या लेबलवरचा व्हर्जन आकडा याचसाठी असतो: ३ ने सुरू होणारा मायक्रॉनचा, ४ ने सॅमसंगचा, ५ ने हायनिक्सचा. त्यापेक्षा पिढी, व्होल्टेज, साधी की रजिस्टर्ड, आणि शक्य असेल तर क्षमता जुळवा. दुकानात पैसे देतानाच विचारा, “टेस्ट करून नाही चालली तर बदलून द्याल ना?” आणि ते बिलावर लिहून घ्या.

घरी आल्यावर आधी नवी रॅम एकटी लावून मेमटेस्ट करा, मगच जुनीच्या शेजारी बसवा. नापास झाली तर स्क्रीनचा फोटो काढा; वॉरंटीत वाद घालायला तो पुरतो. रॅमवरचं लेबल किंवा पत्र्याचं आवरण काढू नका, वॉरंटी तिथेच जाते. आणि जोडीने विकलेलं किट असेल तर एकच खराब असली तरी दोन्ही घेऊन जा. बऱ्याचदा कंपनी पूर्ण जोडीच मागते.